ओसरीवरचें माणूस

गांवोगांवीं हल्लीं एक देखावा नित्य दृष्टीस पडतो. घर मोठें, मुलगे नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस, आणि ओसरीवर एकटे वृद्ध आईबाप. मुलगे वाईट नसतात. वेळेवर पैसे पाठवितात, औषधांची चौकशी करितात. तरीही म्हातारा खंगत जातो. असें कां व्हावें, ह्याचा विचार आम्ही आज आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशांत साठ वर्षें व त्यांवरील माणसें १० कोटींहून अधिक होतीं, व त्यांतील ७ कोटींवर खेड्यांत राहत होतीं. तेव्हां हा प्रश्न प्रथम आपलाच आहे.

आपल्या घरीं, ओळखीच्या माणसांत म्हातारपण जावें, ही इच्छा स्वाभाविक होय. परंतु केवळ घर असून भागत नाहीं. "बाबा, आतां तुम्ही स्वस्थ बसा," असें प्रेमानें म्हणून हातचें काम काढून घेतलें, म्हणजे त्या माणसाचें घरांतील स्थानही जातें. एकलेपणानें हृदयविकार, पक्षघात व बुद्धिमांद्य ह्यांचा धोका वाढतो, हें जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणून बियाणें निवडणें, पाण्याची पाळी ठरविणें, गुरांवर नजर ठेवणें हीं कामें वडिलांकडेच असूं द्यावीं. मुलगा दूर असला तरी पेरणीपूर्वीं त्यानें त्यांचा सल्ला घ्यावा. न्हाणीची फरशी खडबडीत करावी, उंबरठ्याजवळ रात्रीं दिवा असावा. एकदां पडून मांडीचें हाड मोडलें, कीं पारावर जाणें संपलेंच.

दुसरी गोष्ट जमिनीची. सातबारा मुलांच्या नांवें करून द्यावयाचा व मग त्यांच्या तोंडाकडे पाहत बसावयाचें, ही चूक पुष्कळांनीं केली आहे. सन २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमान्वयें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जमीन, ती अट मोडल्यास, परत मिळवितां येते. त्यासाठीं प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. मात्र अट बक्षीसपत्रांत स्पष्ट लिहावी. अटीविना दिलेल्या जमिनीस हें कलम लागू होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें आहे.

आणि एक. पुष्कळ घरीं शेवटीं मागें राहते ती आई, आणि तिच्या नांवावर गुंठाभरही जमीन नसते. वाटणीचा कागद करावयास बसाल, तेव्हां तिचा हिस्सा आधीं काढून ठेवावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.