कूलर बंद असलेलं घर

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास वर्ध्याच्या एखाद्या गल्लीतून पायी चालून पाहावं. रामनगर असो, गोपुरी असो की सिंदी मेघे, आवाज एकच असतो, कूलरचा. खिडक्याखिडक्यांतून पत्र्याचे ते मोठे डबे घरघरत असतात, आतला पंप पाणी वर ओढत असतो आणि ते ताट्यांवरून टपटपत खाली येत असतं. दिवसभर पारा पंचेचाळिसाला टेकलेला, त्यामुळे कूलर न लावता झोपणारं घर या दिवसांत सहसा सापडत नाही. तसंच चालत राहिलं की मध्येच एके ठिकाणी हा आवाज तुटतो. दहाबारा पावलं शांतता, आणि पुन्हा घरघर सुरू. त्या दहाबारा पावलांतलं घर गावाला गेलेलं असतं.

फाटकाकडे न बघता, डोळे मिटून चाललं तरी हे कळतं. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला गंमत वाटली, आणि लगेच पोटात गोळाही आला. ही शांतता ऐकत रात्रीचा फिरणारा मी एकटाच थोडा असणार? त्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे आमच्या गल्ल्यांमधली ही भोकं जास्त दिवस उघडी राहतात.

मग कधीतरी स्थानिक पानावर बातमी येते. तिची भाषा ठरलेली असते: कुटुंब बाहेरगावी गेल्याची संधी साधून अज्ञात चोरट्याने दाराचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला. कधी ‘कुलूप तोडून’ असंही छापतात, पण कडीकोयंड्याचा मान मोठा. इतकी वर्षं हे वाक्य वाचूनही त्यातल्या कोयंड्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आपण बाजारातून निवडून, घासाघीस करून आणतो ते कुलूप. तुटतो तो कोयंडा. आणि त्या तुटक्या कोयंड्याला लटकलेलं, जराही न दुखावलेलं कुलूप पंचनाम्यात जमा होतं.

बिचाऱ्या कुलपाची ही शोकांतिका समजायची तर आधी त्याच्या पोटात डोकवावं लागतं. कुलपावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असं कोरलेलं असतं. आत पितळेच्या तेवढ्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते, आणि प्रत्येकीच्या खाचेची जागा वेगळी. किल्लीचे दात वळताना एकेका पट्टीला उचलतात. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की मगच आतली छोटी खुंटी त्यांतून सरकते आणि कुलूप उघडतं. एक पट्टी केसभर कमी उचलली तरी खुंटी अडते. जास्त उचलली तरीही अडते. या ‘जास्त उचलली तरीही’मध्ये सगळी अक्कल आहे. ती १७७८ साली रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रज माणसाला सुचली. त्याआधीच्या कुलपांत पट्टी पुरेशी वर ढकलली की काम होत असे. एका पट्टीला पाच उंच्या धरा आणि सात पट्ट्या घ्या, तर ७८,१२५ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. मुठीत मावणाऱ्या लोखंडाच्या तुकड्याला त्यांतली एकच ओळखीची.

याच वंशातलं एक कुलूप १८१८ साली जेरेमाया चब याने केलं. कुणी चुकीच्या किल्लीने किंवा तारेने खटपट केली की ते अडकून बसे, आणि मालकाने आपली किल्ली घातली की त्याला कळे: मागे कुणीतरी येऊन गेलं. चहाडी करणारं कुलूप! इंग्लंडचा यावर फार विश्वास होता. मग १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने ते पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामा या कुलूपवाल्याचं दुसरं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं लोकांना आव्हान देत बसलं होतं. तेही त्याने सोडलं नाही. त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. आपल्याकडे १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं करायला घेतली तोवर जगाने ही सगळी अब्रू घालवून, शिकून झालेलं होतं.

पण एक्कावन्न तास कुणाच्या दारात बसायला चोराला सवड कुठली. तो येतो तो कटावणी घेऊन. ‘लिव्हर’ म्हणजे मराठीत तरफ. कुलपाने पोटात सात नाजूक तरफा जपलेल्या, आणि चोर बाहेरून आठवी, हातभर लांबीची आणतो. साठ सेंटिमीटरच्या पहारीचा टेकू टोकापासून तीन सेंटिमीटरवर ठेवला, तर दुसऱ्या टोकाला लावलेला जोर एकोणीसपट होतो. तीस किलोचा नुसता दाब दिला तरी कोयंड्यावर साडेपाचशे किलोंच्या वर ओढ बसते. आणि हा कोयंडा कशाने धरलेला असतो? इंच-दीड इंचाच्या चार स्क्रूंनी, तेही वैशाखात वाळून आकसलेल्या लाकडात. अठ्ठ्याहत्तर हजार किल्ल्यांचं गणित इथे एका ‘कट्’ आवाजात संपतं. कोयंडा बंद झाल्यावर त्याच्या पट्टीखाली स्क्रूंची डोकी झाकली जात नसतील तर तोही आवाज होत नाही, पेचकस पुरतो. म्हणून सुताराला सांगून स्क्रूंच्या जागी आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून घेणं, किंवा दाराच्या जाडीत बसणारं कुलूप लावणं, यावर केलेला खर्च मला महागड्या कुलपापेक्षा शहाणा वाटतो.

आता लटकत्या कुलपाची खरी गोम. ते दाराबाहेर असतं. आर्वीकडच्या जुन्या वाड्यांचे सागवानी दरवाजे आठवा. त्यांना अडसर असे. भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढलेलं मनगटाएवढं लाकूड दोन्ही फळ्यांच्या मागे आडवं बसलं की बाहेरून कटावणी घालायला जागाच उरत नसे. अडसराची एकच अट होती, तो लावायला आत माणूस हवं. आणि ते असायचंच. वाडा सगळाच्या सगळा रिकामा झाला, अशी वेळ क्वचितच येई. लग्नाला निम्मं घर गेलं तरी आजी, एखादी सोवळी आत्या, गोठ्यातला गडी मागे राही. अडसर माणसांना राखतो, कुलूप रिकामेपणाला राखतं. आणि राखता राखता तो रिकामेपणा चारचौघांना सांगूनही टाकतं.

घर रिकामं राहणं हेच नवं आहे, हे लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली आकड्यांनिशी मांडलं. तिकडे १९६० नंतर सुबत्ता वाढत होती आणि घरफोड्याही वाढत होत्या. लोक चक्रावले होते, कारण गरिबी वाढली की चोरी वाढते असा सगळ्यांचा हिशेब. या दोघांनी चोराकडे पाहणं सोडलं आणि घरांकडे पाहिलं. सकाळी आठ वाजता ज्या घरांत कुणीच नसतं अशांचं प्रमाण १९६० ते १९७१ मध्ये जवळपास दीडपट झालं होतं, कारण बायका कामाला आणि पोरं कॉलेजात जाऊ लागली होती. दुसरीकडे वस्तू हलक्या होत होत्या. एका प्रसिद्ध दुकानाच्या १९६० च्या यादीत सगळ्यांत हलका टीव्ही सतरा किलोंचा होता, १९७० मध्ये सात किलोंचा. चोर होते तेवढेच राहिले असते तरी त्यांचं काम सोपं झालं असतं.

आपल्या घरात टीव्हीची गोष्ट सोडा. दहा तोळे शुद्ध सोनं वितळवलं तर साधारण चहाच्या एका चमच्याएवढं होतं. त्या चमचाभर ऐवजासाठी आपण सगळं घर राखत बसतो, तेव्हा निदान चमचा तरी बँकेच्या लॉकरात टाकून जावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग असं काही झालं तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदारी बँकेवर येते. दागिन्यांच्या मानाने ही रक्कम लहान, पण कोयंडा तर तेवढंही देत नाही.

वजन आणि किंमत यांचं सगळ्यांत विचित्र नातं आमच्याच जिल्ह्यात दिसलं. सेवाग्रामच्या बापूकुटीतला गांधीजींचा गोल काचांचा चष्मा नाहीसा झाल्याची बातमी २०११ साली बाहेर आली. अस्तेय आणि अपरिग्रह ही ज्या आश्रमाची व्रतं, तिथे चोरी! काही ग्रॅमची वस्तू. पण त्याआधी दोनच वर्षं, २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा दुसरा एक चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ, वाटी आणि ताट एवढ्या वस्तूंचा लिलाव झाला होता आणि बोली अठरा लाख डॉलरवर थांबली होती. ज्या माणसाने काही जमवायचं नाही म्हटलं, त्याने मागे ठेवलेलं तेवढंच जगाने सोन्याच्या वर नेऊन ठेवलं.

कुटीच्या भिंती मातीच्या. मातीच्या भिंतीशी काय करायचं याचं उत्तर संस्कृत नाटकात तयार आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक चारुदत्ताची भिंत फोडायला येतो तो शास्त्राला धरून: भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीची भिंत पाण्याने भिजवावी, लाकूड असेल तर चिरावं. भोक कुठे पाडायचं? जिथे रोज सूर्याला अर्घ्य देऊन देऊन ओल मुरलीय तिथे. घराच्या सवयीनेच घर कुठे हळवं केलंय, ते तो आधी हुडकतो. मोजायची दोरी विसरल्यावर जानव्याने माप घेतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, आणि आपण त्यातली पदं लक्षात ठेवली. माझ्या मते निदान सरकारी घरबांधणी खात्याने तरी हा तिसरा अंक वाचावा. आमच्या गल्लीत अर्घ्याची जागा आता कूलरने घेतलीय. पावसाळा संपून कूलर काढला की खिडकीच्या गजांमध्ये त्याच्या आकाराचं भगदाड उरतं, आणि वर्षानुवर्षं पाझरलेल्या पाण्याने खालची भिंत पोपडे धरून बसलेली असते.

कायदाही शर्विलकाइतकाच बारकाईने विचार करतो. १८६० च्या दंडसंहितेने घरफोडीच्या सहा वाटा मोजून ठेवल्या होत्या, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये त्या आल्या आहेत. जुन्या कलमातली उदाहरणं तर गोष्टीच्या पुस्तकासारखी आहेत: एकाने भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला, एक खिडकीतून शिरला, एकाने दारातल्या भोकातून तार घालून कडी उचलली. मला आवडतं ते हे: मालकाची हरवलेली किल्ली एकाला सापडते आणि तो दार नीट उघडून आत जातो. काही फुटत नाही, आणि तरी ती घरफोडीच. पायपुसण्याखाली किल्ली ठेवणाऱ्यांनी या उदाहरणाशी थोडा परिचय करून घ्यावा.

चोराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संशोधनात पुन्हा पुन्हा आढळली आहे. फुटलेलं घर लवकरच पुन्हा फुटण्याची, आणि त्याच्या आजूबाजूचीही फुटण्याची शक्यता पुढचे काही आठवडे वाढलेली असते. वाटा ठाऊक झालेल्या असतात ना. इंग्लंडात रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वस्तीत १९८०च्या दशकात हे ओळखून एक प्रयोग झाला. घरांतले नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढून टाकले, कारण चोराला त्यांत हमखास रोकड मिळे. आणि फुटलेल्या घराभोवतीच्या पाचसहा घरांना सांगितलं, तुम्ही याच्याकडे लक्ष ठेवा. याला त्यांनी नाव दिलं ‘कोश’, रेशमाच्या किड्याचा असतो तसा. तीनेक वर्षांत तिथल्या घरफोड्या तीन चतुर्थांशाने घटल्या. साहेबाने शेजाराला नाव दिलं, मोजलं आणि अहवाल छापला. आपल्याकडे तो अजून फाटकाबाहेर उभा राहून विचारतो, ‘कुठी चालले जी?’ आणि आपल्याला ती चौकशी भोचक वाटते.

गेल्या वर्षी आम्ही बारा दिवस बाहेर होतो. लॉकर झाला, बोल्ट झाले, पेपर बंद केला, पोलीस ठाण्यात कळवलं, फोटो परतल्यावरच टाकायचे असं पोरांना बजावलं. मग समोरच्या काकूंकडे किल्ली द्यायला गेलो आणि ओशाळतच म्हटलं, तुळशीला पाणी घालाल तेव्हा दारात दोन रेघा रांगोळीच्या काढाल का, आणि रात्री जरा वेळ कूलरही लावाल का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू उन्हाने डोकं फिरलंय. म्हणाल्या, ‘रिकाम्या घरात कूलर? मी लावतो ना बाप्पा. तुम्ही जा निश्चिंत.’

परत आलो ती गाडी उशिरा पोचली. सेवाग्राम स्टेशनवरून ऑटो केली, गल्लीच्या तोंडाशी उतरलो, बॅगा ओढत चालू लागलो. दोन्ही बाजूंनी घरघर. आमचं घर आलं, आणि आवाज तुटला नाही. खिडकीमागे दिवा होता, कूलर जोरात चालला होता, ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं. बायकोने माझा दंड घट्ट धरला आणि कुजबुजली, ‘अहो, घरात कुणीतरी आहे.’