चक्रीवादळ-सज्जता प्रशिक्षण

चक्रीवादळाचा इशारा मिळाल्यापासून बाहेरची मदत पोहोचेपर्यंतच्या काळात किनारपट्टीवरील रहिवाशांनी स्वतःचे व शेजाऱ्यांचे रक्षण कसे करावे, याचे गावपातळीवर दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण. शासकीय यंत्रणेचे प्रशिक्षण व या प्रशिक्षणात महत्त्वाचा भेद आहे. यात शिकणारा व संकटात सापडणारा एकच असतो. बांगलादेशात १९७२ पासून चालत आलेला ‘चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम’ हे या शिक्षणाचे मोठ्या प्रमाणावरील व दीर्घकाळ टिकलेले ठळक उदाहरण होय. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याचा विशेष परामर्श घेतला आहे.

आपत्तीचे स्वरूप : बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडील भाग उथळ असून त्याचा आकार नरसाळ्यासारखा निमुळता होत गेलेला आहे. चक्रीवादळ या टोकाकडे सरकले, की वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला पसरण्यास वाव राहत नाही व त्याची पातळी काही मीटर वर चढते. वादळी भरती म्हणतात ती हीच. नेहमीच्या मोठ्या भरतीची वेळ तिच्याशी जुळून आल्यास संकट अधिकच वाढते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी गाळाने बनलेली बेटे (चर) समुद्रसपाटीपासून फारशी उंच नसल्याने ती पाण्याखाली जातात. चक्रीवादळातील बहुसंख्य मृत्यू वाऱ्यामुळे होत नसून पाण्यात बुडून होतात. त्यामुळे उंच व पक्क्या जागी वेळेवर पोहोचणे हाच बचावाचा मुख्य मार्ग ठरतो.

पार्श्वभूमी : १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर, विशेषतः भोला बेटाच्या परिसरात, आलेल्या चक्रीवादळात ३ ते ५ लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. एकट्या तजुमुद्दीन ठाण्याच्या हद्दीत सु. १,६७,००० लोकसंख्येपैकी ४५ टक्क्यांहून अधिक लोक दगावले. मृतांत लहान मुले, स्त्रिया व वृद्ध यांचे प्रमाण फार मोठे होते. वादळ येत असल्याचे हवामान खात्याला ठाऊक होते व आकाशवाणीवरून इशाराही देण्यात आला होता. परंतु तो सर्व घरांपर्यंत पोहोचला नाही. ज्यांनी तो ऐकला, त्यांना पाणी किती चढेल याची कल्पना आली नाही आणि आली असती, तरी जावयाचे कोठे, हा प्रश्न उरलाच असता. इशारा देणे व त्याप्रमाणे कृती घडणे यांतील हे अंतर भरून काढणे, हे पुढील प्रयत्नांचे सूत्र ठरले.

बांगलादेशाच्या स्थापनेनंतर १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस संस्था-संघाच्या साहाय्याने हा कार्यक्रम सुरू झाला. १९७३ पासून तो शासन व देशातील रेड क्रॉस संस्था (पुढे रेड क्रेसेंट संस्था) यांच्या संयुक्त जबाबदारीने चालविला जाऊ लागला. प्रारंभी सु. २०,००० स्वयंसेवक होते. २०२० च्या सुमारास त्यांची संख्या सु. ७६,००० झाली.

संघटना व शिक्षणाचे विषय : कार्यक्रमाचे मुख्यालय डाक्का येथे असून विभाग, उपजिल्हा, संघ-परिषद व पथक अशी त्याची उतरंड आहे. पथक हा मूळ घटक होय. दोन-तीन हजार वस्तीमागे साधारणतः एक पथक असते आणि स्वयंसेवक त्याच वस्तीतील रहिवासी असतात. त्यांना वेतन मिळत नाही. पथकात इशारा देणे, आश्रयस्थानी नेणे, शोध व सुटका, प्रथमोपचार आणि मदतवाटप अशी पाच कामे वाटून दिलेली असतात. प्रत्येकास आपापल्या कामाचे शिक्षण दिले जाते. ध्वनिवर्धक कर्णा, हाताने फिरवावयाचा भोंगा, ट्रान्झिस्टर रेडिओ, विजेरी, निशाणे व प्रथमोपचाराची पेटी ही पथकाची साधने होत. रस्ते तुटल्यावरही संपर्क राहावा म्हणून मुख्यालय व किनारी ठाणी बिनतारी यंत्रणेने जोडलेली आहेत.

वस्तीतील वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया व तान्ही मुले असलेली घरे कोणती, त्यांना कोणत्या वाटेने व कोणी न्यावयाचे, हे वादळापूर्वीच ठरविणे हा शिक्षणाचा गाभा मानला जातो. इतर ग्रामस्थांसाठी प्रात्यक्षिके, नाट्यप्रयोग, लोकगीते, चित्रपट व भित्तिपत्रके यांचा उपयोग केला जातो. वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यास ही साधने अधिक उपयुक्त ठरली आहेत. मच्छीमारांना समुद्रात असताना रेडिओवरील सूचना कशा समजून घ्याव्यात, हे वेगळे शिकविले जाते.

संकेत व निशाणे : बांगलादेशात दीर्घकाळ वापरात असलेली क्रमांकित संकेतपद्धती मुळात बंदरे व जहाजे यांच्यासाठी बनविलेली होती. तीत ५, ६ व ७ या क्रमांकांचे संकेत एकाच तीव्रतेच्या वादळाचे असतात. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार किंवा त्यावरूनच जाणार, एवढाच फरक त्यांतून दर्शविला जातो. ८, ९ व १० यांचेही तसेच आहे. नाखव्याला हा भेद उपयोगी असला, तरी शेतकऱ्याचा मात्र पाचापेक्षा सहा मोठे संकट, असा समज होणे स्वाभाविक होते. स्वयंसेवकांची निशाणे हा गुंता सोडवितात : चौथ्या संकेताला एक, पाच ते सातला दोन आणि आठ ते दहाला तीन. तिसरे निशाण चढले व भोंगा वाजला, की घर सोडावयाचे, एवढे लहान मुलालाही कळते.

१९९१ चा अनुभव : २९ एप्रिल १९९१ रोजी चितगाव-कॉक्स बझार किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळात सु. १,३८,००० लोक मृत्युमुखी पडले. यावेळी इशारा बहुतेकांपर्यंत पोहोचला होता, परंतु आश्रयस्थाने अपुरी होती. वादळानंतर सु. १,१०० व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या एका पाहणीत असे आढळले, की पक्क्या इमारतीपर्यंत न पोहोचलेल्यांपैकी सु. २२ टक्के दगावले आणि पोहोचलेले सर्व वाचले. मृत्यूचे प्रमाण दहा वर्षांखालील मुले व चाळिशीपुढील स्त्रिया यांच्यात सर्वाधिक होते.

लोकांनी घर न सोडण्याची कारणे अज्ञानापुरती मर्यादित नव्हती. घरात चोरी होईल, गुरे वाहून जातील, परपुरुषांच्या गर्दीत स्त्रियांनी कसे राहावे, मागील इशाऱ्याच्या वेळी काहीच झाले नव्हते, अशी ती होती. निव्वळ उपदेशाने ती दूर होण्यासारखी नव्हती. गुरांसाठी मातीचे उंच चौथरे (किल्ला) बांधण्यास १९७० नंतर प्रारंभ झालाच होता. आता शाळा म्हणून नित्य वापरात राहतील अशा बहुमजली आश्रयस्थानांची संख्या वाढविण्यात आली व त्यांपैकी अनेकांत स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय करण्यात आली. प्रारंभी पथके पुरुषांचीच होती. पुढे त्यांत स्त्रियांना स्थान मिळाले व २०२० च्या सुमारास निम्म्या जागा त्यांच्यासाठी ठेवण्यात आल्या. अनोळखी पुरुषाच्या सांगण्यावरून उंबरठा न ओलांडणारी स्त्री ओळखीच्या शेजारणीबरोबर निघते, असा अनुभव आहे.

फलश्रुती : १५ नोव्हेंबर २००७ च्या ‘सिद्र’ चक्रीवादळात सु. ३,४०० लोक मरण पावले. मे २०२० मधील ‘अम्फान’ च्या वेळी सु. २४ लाख लोकांना हलविण्यात आले व बांगलादेशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. याउलट सिद्रनंतर सहाच महिन्यांनी, मे २००८ मध्ये, ‘नर्गिस’ चक्रीवादळात म्यानमारमधील इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात मृत व बेपत्ता मिळून सु. १,३८,००० लोकांची हानी झाली. ही घट केवळ प्रशिक्षणाने झाली, असे म्हणता येत नाही. उपग्रहांमुळे सुधारलेले अंदाज, बांधबंदिस्ती, आश्रयस्थाने व रस्ते यांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि उपग्रहाने टिपलेले वादळ चरावरील शेवटच्या झोपडीत सांगण्याचे काम स्वयंसेवकच करतो. या कामात काहींनी प्राणही गमावले आहेत. अम्फानच्या वेळी पटुआखाली जिल्ह्यात लोकांना सावध करण्यास निघालेल्या एका पथकप्रमुखाचा नाव उलटून मृत्यू झाला.

भारतातील प्रयत्न : ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सु. १०,००० लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले आणि आश्रयस्थानांची देखभाल व सराव यांत ग्रामस्थांना सहभागी करून घेतले. ऑक्टोबर २०१३ मधील ‘फायलिन’ च्या वेळी तेथे सु. १० लाख लोकांचे स्थलांतर करण्यात आले आणि जीवितहानी अत्यल्प राहिली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ ही स्वयंसेवक-प्रशिक्षणाची योजना सुरू केली. अरबी समुद्रात चक्रीवादळे तुलनेने कमी होत असल्याने कोकण व गोवा येथे त्यांची लोकस्मृती क्षीण आहे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने घरांची छपरे व नारळी-पोफळीच्या बागा यांची मोठी हानी करून या शिक्षणाची तेथील निकड दाखवून दिली.

मर्यादा : दोन वादळांमधील दीर्घ शांतता ही या प्रशिक्षणापुढील मोठी अडचण होय. त्या काळात साधने गंजतात, स्वयंसेवक रोजगारासाठी गाव सोडतात व नव्या पिढीला पाण्याची भीती राहत नाही. फोल ठरलेला इशाराही तितकाच घातक असतो. सप्टेंबर २००७ मध्ये त्सुनामीचा इशारा मिळाल्यावर बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील अनेकांनी घरे सोडली होती, परंतु लाट आलीच नाही. दोन महिन्यांनी सिद्र आले, तेव्हा त्यांपैकी काही जण घरीच थांबले. यासाठी दरवर्षी वादळी ऋतूंपूर्वी, म्हणजे एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळांच्या अगोदर, सराव घेणे आणि न आलेल्या वादळानंतरही लोकांशी बोलून इशारा का दिला होता हे समजावून सांगणे आवश्यक मानले जाते. इशाऱ्यावरील विश्वास एका दिवसात निर्माण होत नाही. वादळ नसतानाच्या दिवसांत तो जोपासावा लागतो.