सोने-निष्कर्षणाच्या सांडपाण्यातील अमोनिया नायट्रोजनचे अवक्षेपण

सोने-निष्कर्षणाच्या सांडपाण्यात मॅग्नेशियम व फॉस्फेट मिसळून त्यातील अमोनिया नायट्रोजन अविद्राव्य स्फटिकांच्या रूपात वेगळे करण्याची ही रासायनिक पद्धत आहे. या स्फटिकांना स्ट्रुव्हाइट म्हणतात.

बीड जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला असल्याने तेथे सोन्याची खाण नाही. सोने आढळते ते दक्षिणेकडील धारवाड शिस्ट पट्ट्यांत. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण अशाच पट्ट्यात आहे; १९५६ पूर्वी बीड व रायचूर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते.

खनिजातील सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवतात. उरलेले विषारी सायनाइड ऑक्सिडीकरणाने नष्ट केले की सायनेट बनते व त्याच्या जलविघटनातून अमोनिया तयार होतो. म्हणजे एक विष दूर करताना दुसरे उत्पन्न होते. सुरुंगातील न जळलेले अमोनियम नायट्रेटही खाणीच्या पाण्यात उतरते. मुक्त अमोनिया माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतो. भारतात नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात अमोनिया नायट्रोजनची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे.

अभिक्रियेत मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा प्रत्येकी एक आयन पाण्याच्या सहा रेणूंसह स्फटिकात बांधला जातो. सामू साधारण ९ च्या आसपास राखावा लागतो. अभिक्रियेत आम्लता वाढत असल्याने अल्कली घालत राहावे लागते. सामू फार चढल्यास अमोनिया वायुरूपाने निसटतो आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनू लागते.

खरी अडचण खर्चाची. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम नायट्रोजन असलेल्या एक घनमीटर पाण्यातून ४५० ग्रॅम नायट्रोजन काढण्यास, केवळ समीकरणाच्या हिशेबाने, सुमारे १ किलो फॉस्फरस व ०.७८ किलो मॅग्नेशियम लागते, सुमारे ७.९ किलो स्ट्रुव्हाइट मिळते. फॉस्फेट जादा पडल्यास तेही प्रदूषकच, कारण विद्राव्य फॉस्फेटची मर्यादा (फॉस्फरस म्हणून) लिटरमागे ५ मिलिग्रॅमच आहे. सायनाइड-प्रक्रियेत चुना वापरला जात असल्याने पाण्यातील कॅल्शियमही फॉस्फेट खाऊन टाकते. ते आधी काढणे इष्ट असते. म्हणून ही पद्धत अमोनिया जास्त असलेल्या पाण्यासाठीच परवडते. उरलेला अमोनिया जैविक प्रक्रियेने काढता येतो.

शुद्ध स्ट्रुव्हाइट हे हळूहळू विरघळणारे खत आहे. मात्र खाणीच्या पाण्यातून मिळालेल्या स्फटिकांत तांबे, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये अडकलेली असू शकतात. त्यामुळे तपासणीशिवाय ते शेतात टाकता येत नाही.