जहाजापूर्वीची रात्र : समुद्रपर्यटनाआधीच्या मुक्कामाचे स्वरूप आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवासी

प्रस्तावना

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असला तरी त्याला समुद्र नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडील या जिल्ह्यातून समुद्रपर्यटनास निघणाऱ्या प्रवाशाला जहाज गाठण्यापूर्वी दीर्घ भूमार्ग आक्रमावा लागतो. कॅरिबियन समुद्रातील सहल असेल तर त्याआधी दोन विमानेही बदलावी लागतात. या भूमार्गाच्या शेवटी आणि जलमार्गाच्या आरंभी बंदराच्या शहरात एक रात्र काढावी काय, असा प्रश्न सहलीचा खर्च मांडताना हटकून उपस्थित होतो. ही रात्र बहुतेकांना अनावश्यक चैन वाटते. घरातील हिशेबी माणूस कात्री लावतो ती प्रथम तिलाच. हा मुक्काम का निर्माण झाला, पूर्वी त्याची जबाबदारी कोणाकडे होती आणि आज तो प्रवाशाच्या एकट्याच्या पदरी कसा आला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मुक्कामाची संकल्पना

ज्या दोन वाहनांची वेळापत्रके परस्परांना बांधील नाहीत, त्यांना जोडण्यासाठी प्रवाशाने स्वतःच्या खर्चाने मोकळा ठेवलेला काळ म्हणजे हा मुक्काम होय. त्याचे मूळ विश्रांतीत नसून अनिश्चिततेत आहे. एस.टी. चुकली तर पुढची मिळते, रेल्वेगाडी चुकली तर दुसऱ्या गाडीचे तिकीट काढता येते. आठवड्यातून एकदा सुटणारे जहाज चुकले म्हणजे सहलच संपते, आणि भरलेले पैसे सामान्यतः परत मिळत नाहीत.

या जिल्ह्यातील वाचकास ही कल्पना वस्तुतः नवी नाही. शिर्डीस पहाटेच्या काकड आरतीला उपस्थित राहू इच्छिणारा भाविक आदल्या रात्रीच भक्तनिवासात येऊन उतरतो, कारण आरतीची वेळ त्याच्यासाठी पुढे ढकलली जाणार नसते. जहाजाचेही तसेच आहे. फरक एवढाच की शिर्डीत उतरण्याची सोय संस्थानाने केलेली असते, बंदरावर ती ज्याची त्याने करावयाची असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू होईपर्यंत नगरला रेल्वे नव्हती. तत्पूर्वी नगरहून मुंबईस जाऊन जहाजात बसणाऱ्यास पुण्यापर्यंत बैलगाडी वा टांगा करावा लागे. नगर येथे १८३१ पासून कार्यरत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींचा स्वदेशाकडील प्रवास याच वाटेने सुरू होई. शिडाची जहाजे वाऱ्याच्या भरवशावर सुटत, त्यामुळे बंदरात किती दिवस थांबावे लागेल याचा अंदाज कोणालाच देता येत नसे. मुक्काम मोजला जाई तो दिवसांनी नव्हे, आठवड्यांनी. वाफेच्या आगबोटी आल्या आणि १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, तेव्हा सुटण्याचा वार निश्चित झाला. पाठोपाठ मुंबईत बोटीच्या प्रवाशांवर चालणारी मोठी हॉटेले उभी राहिली. काळा घोड्याजवळील वॉटसन हॉटेल त्यांतले आरंभीचे. १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलेले ताजमहाल हॉटेल बंदराच्या अगदी काठावर बांधले गेले, यालाही बोटीने येणाजाणारा प्रवासी हेच मोठे कारण होते.

ही हॉटेले साहेबांसाठी आणि धनिकांसाठी होती. सामान्य माणसाच्या सागरी मुक्कामाचा इतिहास पाहावयाचा तर हजयात्रेकडे वळले पाहिजे. नगर, संगमनेर, श्रीरामपूर यांसारख्या गावांतून हजला जाणारा यात्रेकरू मुंबईस येई आणि जहाज सुटेपर्यंत मुसाफिरखान्यात राही. क्रॉफर्ड मार्केटजवळील हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. येथे राहणे म्हणजे केवळ रात्र काढणे नव्हते. कागदपत्रांची पूर्तता, वैद्यकीय तपासणी, लस टोचून घेणे, शिधा बांधणे, गावाकडून आलेल्या आप्तांचा निरोप घेणे, हे सारे तेथेच होत असे. भाडे देण्याची ऐपत नसलेल्यालाही छप्पर मिळे, कारण खर्च धर्मादायातून भागविला जाई. यात्रेकरूंचे दलालांकडून होणारे हाल पाहून १८८०च्या दशकात सरकारने हजयात्रेच्या व्यवस्थेचे काम थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे सोपविले होते, ही बाब आजच्या पर्यटन-अभ्यासकांनी नोंद घेण्याजोगी आहे. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाण्याची प्रथा १९९५ मध्ये बंद झाली आणि जहाजापूर्वीच्या सामुदायिक मुक्कामाची ही परंपराही तिच्यासह थांबली.

याच इतिहासात मुक्कामाची गरजच नाहीशी करणारी एक व्यवस्थाही आढळते. मुंबईच्या धक्क्यावर बॅलार्ड पियर मोल नावाचे रेल्वेस्थानक होते. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेच्या डाकबोटीशी सांधलेली होती. बोटीतून उतरलेला प्रवासी काही पावलांवर गाडीत बसून थेट उत्तरेकडे रवाना होई. बोटीस विलंब झाला तर त्याची काळजी रेल्वेने घ्यावयाची, प्रवाशाने नव्हे. दोन वाहने एका जबाबदारीखाली आली की मधली रात्र गळून पडते. ती सांधणी तुटली की रात्र परत येते आणि तिचे बिल प्रवाशाच्या नावे फाटते. समुद्रपर्यटनाच्या आजच्या व्यवसायात सांधणी तुटलेली आहे, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

कॅरिबियनचा प्रवासी

अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलामुलींकडे जाणारे आईवडील हे आता जिल्ह्यातील मध्यमवर्गाचे नित्याचे चित्र झाले आहे. तेथे गेल्यावर मुले त्यांना मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरल येथून निघणाऱ्या कॅरिबियन सहलीस नेतात. या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांच्या बाबतीत दोन नियम ध्यानी घेतले पाहिजेत.

पहिला नियम प्रवाशांच्या यादीचा. जहाज सुटण्याच्या किमान ६० मिनिटे आधी सर्व प्रवाशांची अंतिम यादी अमेरिकन सीमाशुल्क खात्याकडे पोहोचलेली असावी लागते. म्हणूनच कंपन्या साधारणतः एक ते दोन तास आधी प्रवेश बंद करतात. जहाज समोर दिसत असूनही दार बंद झालेले असते, आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याची कितीही विनवणी केली तरी उपयोग नसतो, कारण निर्णय त्याच्या हाती नसतोच.

दुसरा नियम अधिक विलक्षण आहे. १८८६च्या एका अमेरिकन कायद्यान्वये परदेशात नोंदलेल्या जहाजास अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात प्रवासी वाहून नेता येत नाहीत. कॅरिबियनमध्ये फिरणारी बहुतेक जहाजे बहामा, पनामा यांसारख्या देशांत नोंदलेली असतात. मायामीहून निघून मायामीसच परतणाऱ्या सहलीस कायद्याची हरकत नाही. परंतु मायामीला जहाज चुकलेला प्रवासी मोटारीने की वेस्टला जाऊन तेथे ते पकडू म्हणेल, तर त्याचा प्रवास दोन अमेरिकन बंदरांमधला ठरतो आणि त्यास सामान्यतः मनाई होते. त्याने विमानाने पुढच्या परकीय बेटावर जाऊन जहाज गाठावे, हाच मार्ग उरतो. भारतीय पारपत्रधारकास तोही सोपा नाही. प्रत्येक बेटाचे प्रवेशनियम निराळे असतात, आणि सहलीनंतर अमेरिकेत पुन्हा प्रवेश करण्यासाठी अनेकवार प्रवेशाचा व्हिसा जवळ असावा लागतो. घराजवळच्या स्टँडवर चुकलेली गाडी पुढच्या गावी गाठण्याची आपली सवय येथे कामाला येत नाही.

यात निसर्गाची भर पडते. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक महासागरातील वादळांचा काळ मानला जातो. हिवाळ्यात उत्तरेकडील शहरांत बर्फामुळे विमाने रद्द होतात. मुंबईहून मायामीस थेट विमान नाही, वाटेत एकदा तरी विमान बदलावेच लागते. घड्याळातील फरक ऋतूनुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचा. साठी ओलांडलेल्या प्रवाशास त्या दिवशी झोपेची वेळ कोणती आणि मधुमेहाच्या गोळीची कोणती, हेच उमगत नाही. शिवाय विमानातून एक दिवस उशिरा आलेली बॅग हॉटेलवर आणून दिली जाते, समुद्रात गेलेल्या जहाजावर ती पोहोचविणे जवळजवळ अशक्य असते. आदल्या दिवशी पोहोचण्याचा हा लाभ माहितीपत्रकांत सहसा सांगितलेला नसतो. नित्याची औषधे मात्र मुक्काम असो वा नसो, हातातल्या पिशवीतच असली पाहिजेत.

मुंबईचे जहाज आणि जिल्ह्यातील तालुके

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्या. १९९० मध्ये बांधलेले हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताफ्यात होते आणि मायामीहून बहामाच्या छोट्या सहली करण्यासाठीच ते घडविण्यात आले होते. कॅरिबियनची सहल अशा रीतीने गोव्याच्या वाटेला लागली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र शासनाने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. या टर्मिनलची क्षमता वर्षाला १० लाख प्रवाशांची असून तपासणीसाठी ७२ काउंटर आहेत. धक्क्यावरील गर्दीची सोय अशी झाली. धक्क्यापर्यंत माणसे कशी पोहोचतात, हा प्रश्न योजनेच्या कक्षेबाहेरचा राहिला.

जिल्ह्याच्या उत्तर आणि दक्षिण भागांना या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी मिळतात. कोपरगाव-राहाता परिसरातील प्रवाशास फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डी-मुंबई वंदे भारत गाडी उपलब्ध झाली. ती सायंकाळी शिर्डीहून निघून रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तेथून बॅलार्ड पियर जवळच आहे. ही गाडी म्हणजे आदल्या रात्रीच्या मुक्कामाचे जणू निमंत्रणच. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग भिवंडीजवळील आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हा पहाटे निघून दुपारचे जहाज सहज गाठता येईल असा विश्वास अनेकांना वाटू लागला. हा विश्वास आमणेपर्यंत योग्य आहे. पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबईतील वाहतूक समृद्धीच्या वेगाने चालत नाही. जामखेड, कर्जत, श्रीगोंदे येथील प्रवाशास पुण्यावरून जावे लागते, म्हणजे वाटेत दोन महानगरांची कोंडी. पारनेरकर आळेफाटा-माळशेज मार्ग धरतात. पावसाळ्यात तेथे दरड कोसळली की वाट बंद होते. जामखेडच्या कुटुंबास शिर्डीकरांचे वेळापत्रक सांगणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

हॉटेलला पर्याय म्हणून नातेवाइकांचे घर पुढे येते. पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरी-व्यवसायास आहेत. कल्याणला मावशी, डोंबिवलीला चुलतभाऊ, घणसोलीला मेहुणे असताना फोर्टातल्या हॉटेलात पैसे घालावेत, हे पटणे कठीण. शिवाय मावशीला कळले तर वर्षभराचा रुसवा निराळाच. या मुक्कामात पैसा वाचतो, दोन घटका बोलणे होते, हे खरे. तथापि कल्याण-डोंबिवलीहून बॅलार्ड पियर गाठणे हा स्वतंत्र प्रवास आहे. जहाज रविवारी सुटणार असेल तर मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकची चौकशी आदल्या दिवशीच करावी लागते. मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये शिरणे वृद्धांना झेपत नाही आणि मग टॅक्सीला जे पैसे पडतात, ते साध्या लॉजच्या भाड्याच्या आसपास जातात. नात्याचा मान राखायचा तर परतीच्या दिवशी तेथे उतरावे. त्या दिवशी कोणतेही जहाज सुटणार नसते.

हॉटेल निवडताना अंतरापेक्षा वेळांचा मेळ अधिक महत्त्वाचा असतो. बहुतेक हॉटेलांत खोली सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान सोडावी लागते. जहाजावर घेण्याची वेळ दुपारची असेल तर मधल्या तासांत सामान कोठे ठेवावयाचे, हे आधीच विचारून घ्यावे. मायामीकडील अनेक हॉटेले मुक्काम, गाडी उभी करण्याची जागा आणि बंदरापर्यंतची बस असे एकत्रित दर आकारतात, त्यामुळे मुलांच्या गाडीने जाणाऱ्या कुटुंबास तो दर पुष्कळदा परवडतो. विमानप्रवासही जहाज कंपनीमार्फतच आरक्षित केला तर विमानास विलंब झाल्यास प्रवाशाला पुढच्या बंदरावर पोहोचविण्याची जबाबदारी काही कंपन्या घेतात. फ्रंटियर मेलच्या सांधणीचे हे आजचे रूप म्हणता येईल. मात्र ही हमी त्या आरक्षणाच्या अटींत लेखी असली पाहिजे.

राहता राहिला प्रवासविमा. जहाज चुकल्याची भरपाई देणाऱ्या पॉलिसीत ती सामान्यतः सार्वजनिक वाहनास, म्हणजे विमान, रेल्वे किंवा बस यांना, ठरावीक तासांहून अधिक विलंब झाला तरच मिळते, आणि त्या विलंबाचा लेखी दाखला जोडावा लागतो. स्वतःच्या मोटारीने निघून माळशेज घाटात अडकलेल्या कुटुंबास असा दाखला कोणीही देत नाही.