सायकल खाते

गणपती पेठेतील आमच्या दुकानाच्या माळ्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लाल कापडी बांधणीच्या वह्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील १९६६ सालच्या खतावणीत भाडे, हमाली, दिवाबत्ती या खात्यांच्या जोडीला एक पान ‘सायकल खाते’ या नावाने उघडलेले आहे. सायकल हर्क्युलस, काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, मद्रासच्या कारखान्यातली. तिच्या कॅरिअरवर कापडाची ठाणे बांधून अण्णा आसपासचे आठवडी बाजार करीत. पानावरील नोंदी अगदी किरकोळ आहेत : व्हॉल्व्ह ट्यूब, आरे दोन, ब्रेकची रबरे, कॉटर पिन आणि वर्षातून एकदा ‘ओव्हरऑईल’. (मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉल, परंतु सायकलीला तेल पाजण्याचा तो प्रसंग असल्याने आपल्याकडे त्याचे ओव्हरऑईल झाले, आणि मला तर तेच अधिक अर्थपूर्ण वाटते.) वर्षअखेरीस बेरीज करून ती रक्कम दुकानखर्चात वर्ग केलेली आहे.

जानेवारी २०१९ मध्ये मी स्वतःसाठी गिअरची एक चांगली सायकल घेतली, तेव्हा हेच पान डोळ्यांसमोर होते. आमचे घर विश्रामबागेत. तेथून दुकान सुमारे चार किलोमीटर. सांगलीचा रस्ता सपाट, सकाळची हवा प्रसन्न. सायकल स्वस्तात पडेल, पेट्रोल वाचेल, असे मी घरात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. ते खरे ठरते की नाही हे पाहण्यासाठी एक निराळी वही घातली आणि डिसेंबर २०२४ पर्यंत, पूर्ण सहा वर्षे, सायकलीवरचा एकही रुपया तिच्याबाहेर जाऊ दिला नाही.

आता आकडे. सायकलीची किंमत २७,५०० रुपये. पण नुसती सायकल रस्त्यावर आणता येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळले. शिरस्त्राण १,६००, पुढचा व मागचा दिवा १,१००, कुलूप ९००, मडगार्ड ६००, हवा भरण्याचा उभा पंप १,००० : हे झाले ५,२००. म्हणजे मुद्दल ३२,७००. पुढच्या सहा वर्षांतील खर्च असा : साखळ्या चार, ३,४००, दातेरी चकत्या ४,०००, टायर चार, ३,८००, ट्यूब सहा, १,५००, पंक्चर अकरा, ५५०, ब्रेकची रबरे सात जोड, १,७५०, ब्रेक व गिअरच्या केबल दोन वेळा, १,२००, दरवर्षीची संपूर्ण दुरुस्ती सहा वेळा, ५,४००, मागच्या चाकाचे छर्रे, आरे आणि आउट काढण्याची मजुरी ९००, तेल, ब्रश, फडकी १,८००. एकूण २४,३००. विकत घेताना या रकमेचा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि ती निघाली खरेदीच्या जवळजवळ पाऊणपट.

दोन्ही मिळून ५७,०००. आज सायकल विकली तर ९,००० येतील, असे माहीतगाराने सांगितले; ते वजा करता ४८,०००. मीटरवर किलोमीटर १४,४००. म्हणजे दर किलोमीटरला ३ रुपये ३३ पैसे. आपल्यासारख्या घरांत भांडवलावरचे व्याज धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मुद्दलावर सात टक्क्यांनी सहा वर्षांचे सरळव्याज १३,७३४ होते; ते धरले की किलोमीटरचा दर चार रुपये अठ्ठावीस पैशांच्या वर जातो.

समोर स्कूटर ठेवून पाहा. आमची स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाते. तेवढ्याच अंतराला ३२० लिटर पेट्रोल लागले असते. या सहा वर्षांतील चढउतार पाहून सरासरी शंभर रुपये धरले तर ३२,००० रुपये. सायकलीने वाचवले बत्तीस हजार, खाल्ले अठ्ठेचाळीस हजार, व्याज निराळेच. घरात केलेली घोषणा साफ खोटी ठरली. प्रकृतीला लाभ झाला, औषधांचा खर्च घटला, असे लिहून मला हा ताळेबंद सावरता आला असता. परंतु त्याची पावती माझ्याजवळ नाही, म्हणून ती जमा मी धरलेली नाही.

या तोट्यातील काही भाग मात्र सायकलीचा नव्हे, माझा आहे. दातेरी चकत्यांचे ४,००० रुपये हा निव्वळ हलगर्जीपणाचा दंड होय. सायकलीच्या साखळीत एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते. म्हणून चोवीस सांध्यांची लांबी, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, नेमकी बारा इंच भरते. चालवता चालवता पिना आणि त्यांची घरे झिजतात आणि साखळी लांबते. लोखंड ताणले गेले असे आपण समजतो, ते खरे नाही. प्रत्येक सांध्यातील केसभर झीज मिळून ती लांबी होते. आपल्या हार्डवेअरच्या भाषेत सांगायचे तर बारा इंचांवर अर्धा सूत वाढ दिसली की साखळी बदलावी. एक सूत होईपर्यंत थांबलात, तर त्या लांबलेल्या साखळीने चकत्यांचे दातही आपल्या मापाने घासून ठेवलेले असतात. मग नवी साखळी त्यांच्यावर बसत नाही, पॅडलवर जोर दिला की घसरते. माझी पहिली साखळी मी सहा हजार किलोमीटर चालवली. सायकल चालते आहे ना, मग खर्च कशाला, हा त्यामागचा विचार. एका साखळीचे ८५० रुपये वाचवले आणि मागच्या चकत्यांच्या संचाला १,६०० व पॅडलकडील चकत्यांना २,४०० मोजले. त्यानंतर स्टीलची फूटपट्टी पंपाशेजारीच टांगून ठेवली आहे. दर अडीच-तीन हजार किलोमीटरला साखळी बदलतो. चकत्या अजून त्याच आहेत.

अण्णांच्या पानावर साखळीची नोंद मला शोधूनही सापडली नाही. त्यांच्या सायकलीची साखळी पत्र्याच्या बंद चेनकव्हरमध्ये होती. धूळ, चिखल, पाणी आत शिरत नसे. साखळी जाड, गिअर नाहीत, तिला कधी आडवे वळावे लागत नसे. ब्रेकला केबलऐवजी लोखंडी दांड्या. सुटा भाग कोणत्याही बाजारगावी मिळे आणि कोणताही कारागीर झाडाखाली बसून तो बसवी. ती सायकल जड होती, चढावर उतरून ढकलावी लागे, पण मालकाला ती माफ करीत असे. गिअरच्या सायकलीची साखळी बारीक आणि उघडी. तिला आठवड्याला फडके आणि पंधरवड्याला तेलाचे थेंब हवेत. खोबरेल घालू नये. ते धूळ धरून चिकट होते. आणि तेल दिल्यावर बाहेरचे पुसून टाकावे. काम सांध्यांच्या आतल्या तेलाचे असते. बाहेर राहिलेले तेल रस्त्यावरची बारीक माती धरते आणि ती माती कानशीप्रमाणे काम करते.

हवेचेही असेच. सहा ट्यूबांपैकी निदान चार कमी हवेने गेल्या. टायरच्या कडेला दाबाचा आकडा छापलेला असतो. माझ्या टायरवर तो ५० ते ७५ आहे. ट्यूबमधून हवा आपोआप, पंक्चर नसतानाही, थोडी थोडी उतरत असते. मऊ टायर खड्ड्यात आपटला की ट्यूब रस्ता आणि रिम यांच्या चिमटीत सापडते व तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा ट्यूबला ठिगळ फारसे टिकत नाही. बाभळीच्या काट्याचे पंक्चर त्या मानाने सज्जन. फक्त ट्यूब बसवण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे फिरवून काटा निघाल्याची खात्री करावी. माझ्या अकरा पंक्चरांपैकी दोन एकाच काट्याची आहेत.

स्वस्त सायकल घेतली असती तर, असे काहीजण विचारतील. तोही प्रयोग घरात झालेला आहे. पुतण्यासाठी ९,००० रुपयांची, पुढे स्प्रिंगचे दणके आणि दोन्ही चाकांना डिस्क असलेली, दिसायला भारदस्त सायकल आणली होती. वजनाने ती माझ्या सायकलीपेक्षा कितीतरी जड, आणि चाक वरचेवर आउट होई. चौदा महिन्यांत १,२०० दुरुस्तीला गेले, ६०० किलोमीटर झाले, मग ती जिन्याखाली पडली आणि भंगारात ७०० रुपयांना गेली. किलोमीटरला जवळजवळ सोळा रुपये. चालवायला कष्ट पडतात म्हणून कोणी चालवत नाही, आणि चालवत नाही म्हणून महाग पडते.

गेल्या दिवाळीत ही वही पुन्हा काढण्याचा प्रसंग आला. मुलीचे महाविद्यालय घरापासून साडेतीन किलोमीटर. तिच्यासाठी दुसरी स्कूटर घेण्याचे ठरले होते. रस्त्यावर येईपर्यंत ९८,००० होतील, असे विक्रेत्याने सांगितले. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच भरावा लागतो, तोही त्यात आला. मुलगी म्हणाली, मला सायकल घेऊन द्या. तिला समजावण्यासाठी मी ही वही पुढे केली. चांगली सायकल स्वस्त पडत नाही, हे तुझ्या बापाने सहा वर्षे घालवून सिद्ध केले आहे, असे सांगितले.

तिने पाने शांतपणे चाळली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही सायकल घेतलीत, पण स्कूटर विकली नाहीत. एका माणसाला दोन वाहने; तोटा होणारच. माझ्या खात्यावर स्कूटर येणारच नाही, मग तुम्ही माझा हिशेब नुसत्या पेट्रोलशी का लावता?”

मी कागद घेऊन बसलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. कराशिवाय २५,००० ची सायकल, जी पूर्वी २८,००० ला पडली असती, ती २६,२५० ला मिळत होती. या फरकात दोन साखळ्या बसतात. वर माझ्यासारखेच ५,२०० चे साहित्य धरून ३१,४५०. स्कूटरच्या ९८,००० मधून शिल्लक ६६,५५०. सात टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज साडेचार हजारांच्या वर जाते. माझ्या वहीप्रमाणे सायकलीचा देखभालखर्च वर्षाला सरासरी ४,०५०. न काढलेल्या पैशाचे व्याजच सायकल सांभाळीत होते, आणि पेट्रोल तर लागणारच नव्हते. इतकी वर्षे दुकानात बसूनही ही बाजू मी पाहिली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

सायकल आली. रक्कम तिच्या नावे ठेवीत टाकली. मिरज रस्त्यावरील रहदारीची धास्ती मला अजून आहे, तिचा आकडा कोणत्याही वहीत मांडता येत नाही. म्हणून दिवसाउजेडीही दोन्ही दिवे लावूनच निघायचे, एवढी अट घातली आहे. भर पावसात ती बसने जाईल. ते तिकीटही सायकल खात्यावरच लिहायचे, असे तिचे म्हणणे आहे. मला ते प्रवासखर्चात टाकावे असे वाटते. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.