घरपट्टीचे बिल येईपर्यंत थांबू नका

महापालिकेने घरपट्टी वाढविली की आपल्या वस्त्यांतून एकच ओरड होते. नगरसेवकाच्या दारात गर्दी जमते, निवेदने दिली जातात, वॉर्ड ऑफिसवर मोर्चा निघतो. मोर्चा जरूर काढावा. परंतु मोर्चाने मुदत थांबत नाही, हे आपले कार्यकर्ते विसरतात आणि लढाई तेथेच हरली जाते.

कायदा काय म्हणतो? मुंबई वगळता राज्यातील इतर महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. घराचे करयोग्य मूल्य नव्याने ठरविले किंवा वाढविले, तर विशेष नोटीस द्यावी लागते. हरकतीची मुदत तीत दिलेली असते. खरी लढाई येथे आहे, बिलावर नव्हे! कारण कलम 406 प्रमाणे करयोग्य मूल्याविरुद्धचे अपील दाखल होते ते आधी आयुक्तांकडे तक्रार केली असेल व तिचा निकाल लागला असेल तरच. ज्याने नोटीस फडताळात ठेवली आणि बिल आल्यावर वकील गाठला, त्याच्यासाठी हे दार बंद झालेले असते.

आणि निकालानंतर अपिलाला दिवस किती? अवघे 15. पुण्यात लघुवाद न्यायालयात, अन्य शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जायचे. कराविरुद्ध अपील असेल तर वादातील रक्कमही आधी पालिकेत भरायची. हातावर पोट असलेल्या माणसाने पंधरवड्यात वकील शोधायचा आणि पैसेही उभे करायचे! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर झोपडीतला माणूस नव्हता, हे उघड आहे. रक्कम भरण्याची ही अट अपिलाची आहे. म्हणून आपले म्हणणे हरकतीतच पूर्ण मांडले पाहिजे.

‘कर फार आहे, कमी करावा’ एवढेच लिहून भागत नाही. मोजमाप चुकले का? घरात दोन शिलाई मशिनी दिसल्या म्हणून संपूर्ण खोलीला बिगरनिवासी दर लावला का? स्वतः राहत असताना भाडेकरू दाखविला का? नेमके लिहा, वीजबिल व जुनी पावती जोडा. अर्ज तोंडी किंवा शिपायाच्या हाती नको. आवक शिक्क्याची पोच घ्या. सुनावणीला हजर राहा, निकालाची प्रत लेखी मागा व ती मिळाल्याची तारीख त्याच कागदावर टिपून ठेवा.

विहाराच्या फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. तेथेच नोटिसा कधी वाटल्या आणि हरकतीचा शेवटचा दिवस कोणता, या दोन ओळीही लिहाव्यात.