काचपेटींतील दिवा आणि माशांचे रंग

दुकानांत निळ्या दिव्याखालीं रत्नासारखा झळकणारा समुद्रांतील मासा घरच्या काचपेटींत, पिवळट प्रकाशांत, निस्तेज दिसूं लागतो. दुकानदारानें फसविलें किंवा मासा आजारी पडला, असें पाळणाऱ्यास वाटतें, आणि उपाय म्हणून तो दिवा अधिक प्रखर करतो. हा उपाय पुष्कळदां अपायच ठरतो. तो टाळावयाचा तर तीन गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट प्रकाशाची. जो रंग प्रकाशांतच नाहीं, तो मासा परत पाठविणार कोठून? समुद्राचें पाणी तांबडे किरण आधीं शोषून घेतें; सुमारें ३० फूट खोलीवर ते फारच थोडे उरतात. म्हणून तेथें प्रवाळखडकावरील पुष्कळसे तांबडे मासे करडे भासतात. निळ्या दिव्याखालींही तोच प्रकार होतो. माशाचें अंग बदललेलें नसतें. दिवा बदललेला असतो.

दुसरी गोष्ट कातडीची. तींतील रंगपेशींमध्यें काळे, पिवळे, तांबडे कण असतात. तळ काळसर असला म्हणजे काळे कण पेशींत पसरतात व मासा गडद होतो. तळ पांढरा असला म्हणजे ते मध्यभागीं गोळा होतात व मासा फिकटतो. निळा रंग बहुतेक माशांत द्रव्याचा नसून ग्वानीनच्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. मँडरिन मासा याला अपवाद. त्याच्या पेशींत खरें निळें द्रव्य असल्याचें जपानी शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं दाखविलें. भीतीनेंही रंग पालटतो. निळा डॅमसेल मासा भ्याला कीं काळसर पडून फटींत शिरतो. पांढरा तळ, डोळे दिपविणारा दिवा आणि लपावयास जागा नाहीं, अशा पेटींत रंग खुलावा कसा?

तिसरी गोष्ट अन्नाची. तांबड्या-पिवळ्या रंगांस लागणारीं कॅरोटिनॉइड द्रव्यें मासा स्वतः निर्माण करूं शकत नाहीं. शेवाळ व झिंग्यासारखे लहान जीव यांतूनच तीं त्यास मिळतात. त्यांची उणीव कोणताही दिवा भरून काढीत नाहीं.

तेव्हां तळ गडद असावा, आडोशाला दगड असावेत, आहार विविध असावा, आणि दिवा रोज ठराविक वेळीं लावून ठराविक वेळीं मालवावा. कित्येक मासे रात्रीं स्वभावतःच फिके पडतात. पहाटे दिवा लावतांच ते तसे दिसले, तर घाबरून औषध घालूं नये. थोडा वेळ थांबावें. रंग आपोआप परततो. दिवसभर प्रकाशांत राहूनही तो परतला नाहीं, तर मात्र दिव्याकडे न पाहतां पाणी, अन्न व माशाची प्रकृति तपासावी.